रॉकचे श्रेष्ठ गाणे : निवड आणि तिच्या कसोट्या

रॉक संगीतातले गाणे म्हणजे मुळात एक ध्वनिमुद्रण असते. श्रेष्ठ रॉक गाण्यांची निवड करण्याआधी हे पक्के करून घ्यावे लागते, कारण मराठी श्रोत्याच्या कानाची घडण वेगळी आहे. ख्यालगायनात बंदिश पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते आणि दर मैफलीत नव्याने उलगडते. नाट्यपद बालगंधर्वांनी गायले, पुढच्या अनेकांनी गायले, तरी पद तेच मानले जाते. रॉकमध्ये मात्र शब्द आणि चाल जशीच्या तशी ठेवूनही गाणे बदलू शकते. बॉब डिलन यांचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ १९६७ च्या अखेरीस आले तेव्हा ते गिटार आणि माउथऑर्गनवरचे शांत, कोरडे गाणे होते. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्स यांनी ते मुद्रित केले आणि त्याचे वादळ झाले. स्वतः डिलन पुढे मैफलींत ते हेंड्रिक्स यांच्या वळणाने वाजवू लागले. तेव्हा ‘हे गाणे श्रेष्ठ आहे’ असे म्हणताना कोणते मुद्रण अभिप्रेत आहे, हे सांगावेच लागते.

लोकप्रिय याद्यांमध्ये हा विचार क्वचितच दिसतो. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ या मासिकाने २००४ साली पाचशे श्रेष्ठ गाण्यांची यादी छापली. पहिल्या क्रमांकावर डिलन यांचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ होते. २०२१ मध्ये अडीचशेहून अधिक कलावंत, समीक्षक आणि संगीतव्यवसायातल्या मंडळींची मते मागवून यादी नव्याने केली, तेव्हा तेच गाणे चौथ्या क्रमांकावर गेले आणि अरेथा फ्रँकलिन यांचे ‘रिस्पेक्ट’ पहिले आले. मधल्या सतरा वर्षांत दोन्ही मुद्रणांतला एक सूरही बदलला नव्हता. बदलले होते मत देणारे. शिवाय ‘रिस्पेक्ट’ हे सोल संगीतातले गाणे. ओटिस रेडिंग यांनी १९६५ मध्ये गायलेले पुरुषाचे गाऱ्हाणे फ्रँकलिन यांनी १९६७ मध्ये स्त्रीची ठाम मागणी करून टाकले. ते थोर आहे यात शंका नाही. पण त्याची तुलना हेवी मेटलच्या गाण्याशी कोणत्या मापाने करायची, याचे उत्तर यादीत नाही. सगळ्या प्रकारांना एकाच रांगेत उभे केले की क्रमांक मिळतात, समज वाढत नाही.

उपप्रकारानुसार निवड करणे म्हणूनच अधिक न्यायाचे. प्रत्येक उपप्रकाराने ध्वनीकडून काही वेगळे मागितले. जिथे ही मागणी पूर्ण झाली आणि गाण्याचा आशय त्याच्या ध्वनीपासून सोलून काढता येईनासा झाला, ते त्या उपप्रकारातले श्रेष्ठ गाणे, अशी कसोटी येथे धरली आहे. खप, प्रसिद्धी आणि ‘पहिले कोण’ हे प्रश्न तिच्या बाहेर राहतात. पहिलेपण तर फारच निसरडे आहे. १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत आयक टर्नर यांच्या वाद्यवृंदाने ‘रॉकेट ८८’ मुद्रित केले. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला होता. फाटलेल्या भागात कागद कोंबून काम भागवले आणि त्यातून घोगरा, खरखरीत आवाज निघाला. अनेक जण येथूनच रॉक अँड रोलचा आरंभ मानतात. पण त्याच्याही आधी, १९४४ मध्ये, सिस्टर रोझेटा थार्प या भक्तिगीते गाणाऱ्या स्त्रीने इलेक्ट्रिक गिटारवर जे केले होते, ते ऐकल्यावर कोणताही आरंभबिंदू फार काळ टिकत नाही.

रॉक अँड रोलमध्ये निवड चक बेरी यांच्या ‘जॉनी बी. गुड’ या १९५८ च्या गाण्याची करावी लागते. बिल हेली यांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटामुळे १९५५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, पण त्याचे मोठेपण बरेचसे त्या घटनेचे आहे. एल्व्हिस प्रेस्ली यांचे १९५६ चे ‘हाउंड डॉग’ कोट्यवधींनी ऐकले. मात्र ते आधी बिग मामा थॉर्नटन यांनी १९५२ मध्ये मुद्रित केले होते. थॉर्नटन यांच्या गाण्यात एक बाई आयतोबा पुरुषाला घराबाहेर काढते. प्रेस्ली यांच्या गाण्यात शब्द बदलून आले, तो प्रसंगच उरला नाही, उरला तो नुसता जोम. कृष्णवर्णीय कलावंताचे गाणे आणि गोऱ्या कलावंताची कीर्ती हा व्यवहार त्या दशकात वारंवार घडला. निवड करणाऱ्याने तो नजरेआड केला तर निवडच खोटी ठरते.

‘जॉनी बी. गुड’ मध्ये लुइझियानाच्या रानातल्या झोपडीतला, लिहिता-वाचता जेमतेम येणारा, पण गिटारवर हुकूमत असलेला मुलगा आहे. सुरुवातीचा गिटारचा तुकडा बेरी यांनी लुई जॉर्डन यांच्या १९४६ च्या एका तबकडीतल्या कार्ल होगन यांच्या वादनावरून उचलला, हे जाणकारांना ठाऊक आहे. पण जॉर्डनकडे ती सुरुवातीची सजावट होती, बेरींकडे तीच कथेचा नायक झाली. मुलगा कसा वाजवतो हे शब्द सांगतात आणि गिटार त्याच क्षणी ते करून दाखवते. १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत या गाण्याला जागा मिळाली. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, आहे. घरंदाज गायकीतली सुरश्री आणि सेंट लुइसचा हा गिटारवाला सूर्यमालेबाहेर एकत्र निघाले आहेत. मराठी रसिकाने ही दोन मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. कमीत कमी वेळात संपूर्ण विश्व उभे करण्याची ताकद दोन्हींत सारखी जाणवते.

साठच्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या तरुणांनी हाच ध्वनी मुद्दाम बिघडवला. लिंक रे यांनी १९५८ च्या ‘रंबल’ या वाद्यगीतासाठी स्पीकरला भोके पाडली होती. १९६४ मध्ये किंक्स या गटातल्या डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला आणि ‘यू रिअली गॉट मी’ चा फाटका आवाज घडवला. पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्स गटाच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी तोच परिणाम फझ बॉक्स नावाच्या यंत्राने साधला. त्यांच्या मनात गाण्यातला तो गिटारचा तुकडा खरे तर ट्रम्पेट-सॅक्सोफोनसारख्या वाद्यांसाठी होता. ‘सॅटिस्फॅक्शन’ अधिक प्रसिद्ध असले, तरी या गराज वळणाच्या रॉकमध्ये किंक्सचे गाणे वरचढ आहे. वासनेची घाई सांगायला त्याला दोन कॉर्डचा सतत आपटणारा तुकडा पुरतो. दुसरे काही लागत नाही.

लोकसंगीतातून आलेल्या फोक रॉकमध्ये ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ ला पर्याय नाही. हे गाणे कसे घडले ते थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. १५ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत ते पहिल्यांदा वाजवून पाहिले गेले तेव्हा तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या ठेक्यात होते आणि काही केल्या जमत नव्हते. दुसऱ्या दिवशी ठेका चार मात्रांचा झाला. अल कूपर हा तरुण गिटारवादक केवळ सत्र पाहायला बोलावलेला होता. तो ऑर्गनवर जाऊन बसला. ऑर्गन त्याचे वाद्य नव्हते, म्हणून इतर वादक कॉर्ड बदलताहेत याची खात्री करून मगच तो पट्ट्या दाबत होता. परिणामी ऑर्गन सबंध गाण्यात किंचित मागे रेंगाळते. निर्माते टॉम विल्सन यांनी हरकत घेतली, पण डिलन यांनी ऑर्गनचा आवाज वाढवायला सांगितले.

ऐश्वर्यातून रस्त्यावर आलेल्या एका मुलीला उद्देशून हे गाणे आहे. त्यात तिरस्कार आहे आणि त्याच्या तळाशी विचित्र अशी सुटकेची भावनाही आहे. कूपर यांचे मागून येणारे सूर ती दुसरी भावना वाहतात. नुसते शब्द वाचले तर ती निम्मीच हाती लागते. गाणे सहा मिनिटांहून लांब होते. रेडिओला तेव्हा तीन मिनिटांच्या आसपासची गाणी हवी असत, त्यामुळे कंपनी ते काढायला नाखूश होती. तरीही ते बाहेर पडले आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. लोकप्रिय गाण्याची लांबी आणि त्याच्या शब्दांची खोली याविषयीच्या सगळ्या अटी या एका तबकडीने सैल केल्या. तबकडी बाहेर पडल्यावर पाच दिवसांनी, २५ जुलैला, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभे राहिले तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो झाली. विरोध करणाऱ्यांना हे नवे संगीत नुसते मोठ्या आवाजाचे वाटले. तबकडीवरचे ऑर्गन मात्र वेगळीच साक्ष देते.

सायकेडेलिक रॉकची मागणी वेगळी होती : बदललेल्या जाणिवेचा अनुभव ध्वनीत पकडणे. बीटल्सचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणे एप्रिल १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत घडले आणि ते काम पूर्ण झाले. अख्खे गाणे जवळजवळ एकाच कॉर्डवर उभे आहे, खाली तंबोरा वाजतो आणि ड्रमचा ठेका संमोहित झाल्यासारखा त्याच जागी फिरतो. टेपच्या वेटोळ्यांवर आधी भरून ठेवलेले चित्रविचित्र आवाज मिश्रणाच्या वेळी हाताने आत-बाहेर सोडले गेले. जॉन लेनन यांचा आवाज उत्तरार्धात हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला आहे. ध्वनियंत्रक जेफ एमरिक तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. एकाच आधारस्वरावर संगीत उभारण्याची कल्पना भारतीय कानाला ओळखीची वाटते आणि त्यामागे खरोखरच भारतीय संगीताचा परिचय होता. जॉर्ज हॅरिसन पुढे पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले. जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी ‘द इनर लाइट’ चे वाद्यसंगीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून वाजवून घेतले आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’ च्या मागच्या बाजूला प्रसिद्ध झाले. मुंबईत मुद्रित झालेले हे गाणे देखणे आहे. तरी श्रेष्ठत्वाचा मान ‘टुमॉरो’ ला, कारण तिथे भारतीय कल्पना वाद्यांच्या रूपाने पाहुणी आलेली नसून थेट रचनेत मुरली आहे.

हार्ड रॉकमध्ये बहुतेकांचे मत लेड झेपलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’ या १९७१ च्या गाण्याकडे झुकते. आठ मिनिटांत हळुवार गिटारपासून गर्जनेपर्यंत चढत जाणारी त्याची बांधणी अस्सल आहे. पण त्याच तबकडीच्या शेवटी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आहे आणि हार्ड रॉकचा खरा विषय, म्हणजे ध्वनीचे वजन, त्यात अधिक पूर्णतेने येतो. मूळ गाणे कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या दांपत्याने १९२९ मध्ये, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर केलेले. झेपलिनने हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनहॅम यांचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. दगडी भिंतींवरून परत येणारा तो धीरगंभीर आघात म्हणजे प्रत्यक्ष पूर आहे. तो जिना मैफलीत नेता येत नाही. गटाने हे गाणे रंगमंचावर फारच कमी वेळा वाजवले. हाच ड्रमचा ठेका पुढे रॅप संगीतकारांनी उचलला. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि तिथल्या वादकांसह त्यांनी आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली. ती मुद्रणे अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले.

हेवी मेटल हा बहुधा एकच उपप्रकार, जिथे पहिले गाणे आणि श्रेष्ठ गाणे यांच्यात निर्णय करणे जड जाते. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ गटाचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली. ते डावखुरे, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारांची पट्टीही उतरवली. फेब्रुवारी १९७० मध्ये आलेल्या ‘ब्लॅक सॅबथ’ या गाण्यात, गटाचे, तबकडीचे आणि गाण्याचे नाव एकच, पाऊस आणि घंटेच्या आवाजानंतर तीन स्वरांचा एक संथ तुकडा येतो. त्यातला शेवटचा स्वर षड्जाशी तीव्र मध्यमाच्या नात्याने उभा आहे. पाश्चात्त्य कानाला हे अंतर शतकानुशतके अस्वस्थ करीत आले आहे. मारव्या-पूरियाच्या देशातल्या श्रोत्याला तीव्र मध्यमाची हुरहुर परिचयाची असते; इथे मात्र त्याला शेजारी आधार देणारा एकही स्वर नाही, म्हणून हुरहुरीची जागा भीती घेते.

मेटलने पुढच्या सोळा वर्षांत वेग कमावला, गुंतागुंत कमावली. त्या वाटचालीचा कळस मेटालिकाच्या १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मध्ये आहे. साडेआठ मिनिटांचे हे गाणे व्यसनाच्या तोंडून बोलते : मालक ते, माणूस त्याच्या हातातली बाहुली. जेम्स हेटफिल्ड यांचा गिटारवरचा जवळजवळ प्रत्येक आघात वरून खाली जातो. वर जाताना आघात केला असता तर हाताला विश्रांती मिळाली असती, पण आवाजातली सक्ती गेली असती. मध्यावर ही सक्ती अचानक थांबते आणि एक विलक्षण गोड, जुळ्या गिटारींचा भाग येतो. नशेचे आमिष काय असते ते तिथे कळते. भीतीचा उगम सॅबथकडे आहे हे मान्य करूनही, आशय आणि ध्वनी यांच्या एकजीवपणात मेटालिकाचे गाणे पुढे आहे.

प्रोग्रेसिव्ह रॉकने लांबीचा आणि विषम तालांचा हव्यास धरला, त्यामुळे त्याची बरीच गाणी आज कसरतीसारखी वाटतात. सुमारे १९ मिनिटांचे येस या गटाचे ‘क्लोज टू द एज’ (१९७२) आणि २३ मिनिटांहून लांब असलेले पिंक फ्लॉइडचे ‘एकोज’ (१९७१) ही दोन त्याला अपवाद. यांतून निवडायचे तर ‘एकोज’. रिक राइट यांनी लेस्ली स्पीकरमधून काढलेल्या पियानोच्या एका थेंबाएवढ्या स्वरापासून ते सुरू होते आणि अनोळखी माणसांनी एकमेकांकडे पाहण्याच्या साध्या भावनेवर ठाम राहते. लांबी त्याला लागते, म्हणून आहे.

क्वीन गटाचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) कोणत्याच कप्प्यात बसत नाही. बॅलड, ऑपेरा आणि हार्ड रॉक एकापुढे एक, ध्रुवपद नाही, लांबी सहा मिनिटांना किंचित कमी. ऑपेराचा भाग तिघांच्या आवाजांचे थरावर थर चढवून उभा केला, इतका की तिघांचाच मोठा समूह झाला. इंग्लंडमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिले राहिले आणि फ्रेडी मर्क्युरी यांच्या निधनानंतर पुन्हा पहिले आले. झांझिबारमध्ये जन्मलेले हे पारशी कुटुंबातले फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, तिथेच त्यांनी शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा पहिला वाद्यवृंद काढला. या गाण्यातल्या नाट्यमयतेचे मूळ पाचगणीत शोधण्याचा मोह आवरलेला बरा. तरी महाराष्ट्राच्या एका डोंगरगावातल्या पियानोवर ज्या बोटांनी सराव केला, त्याच बोटांनी या गाण्याचा पियानो वाजवला, हे खरे.

पंकने हे सारे वैभव नाकारले. रामोन्स या न्यूयॉर्कच्या गटाचे ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ (१९७६) सव्वादोन मिनिटांच्या आत संपते, सेक्स पिस्टल्सचे ‘अनार्की इन द यूके’ त्याच वर्षअखेरीस लंडनमध्ये आले. पिस्टल्सची दंगल मोठी, तबकडी मात्र व्यवस्थित रचलेल्या गिटारींची. एकदोनतीन म्हणावे आणि कुणीही वाजवू लागावे, ही पंकची खरी मागणी रामोन्सकडे पुरी होते. या प्रवाहाच्या कडेला उभे असलेले पॅटी स्मिथ यांचे ‘ग्लोरिया’ (१९७५) कवितेच्या बळावर तितकेच उंच आहे, आणि याद्यांत त्याला मिळणारी जागा नेहमीच अपुरी वाटते.

पंकनंतर मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन गटाचे ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ घडले. पीटर हूक बास गिटार वरच्या पट्टीत वाजवत, कारण त्यांच्या हलक्या अ‍ॅम्प्लिफायरमधून खालचे स्वर त्यांनाच ऐकू येत नसत. त्यामुळे चालीचा भार बासवर आला. तुटत चाललेल्या संसाराचे हे गाणे नाचण्याजोग्या लयीत आहे, आणि सिंथेसायझरवरची उजळ धून गायकाच्या थकलेल्या स्वरापासून सतत दूर जाते. गायक इयन कर्टिस यांचे मे १९८० मध्ये निधन झाले. गाणे जूनमध्ये बाहेर पडले. मृत्यूची कथा बाजूला ठेवूनही ते पोस्ट-पंकमधले सर्वोत्तम ठरते.

ग्रंजमध्ये निर्वाणा या गटाचे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ (१९९१) निवडताना कुणी फारसे अडत नाही. शांत अंतरा आणि स्फोटक ध्रुवपद ही युक्ती आपण पिक्सीज या गटाकडून घेतली, असे गटाचे गायक कर्ट कोबेन यांनी स्वतः सांगितले होते. पिक्सीजकडे मात्र शांतता खोडकर होती. कोबेन यांच्याकडे ती कंटाळलेल्या, दबलेल्या तरुणाची आहे, म्हणून स्फोटाला कारण मिळते. जानेवारी १९९२ मध्ये त्यांच्या ‘नेव्हरमाइंड’ या तबकडीने मायकेल जॅक्सन यांच्या ‘डेंजरस’ ला अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून हटवले. त्याच सुमारास आयर्लंड-इंग्लंडच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन गटाने ‘ओन्ली शॅलो’ मध्ये गिटारींच्या धुक्यात गायिकेचा आवाज असा मिसळला की शब्द कळणे अनावश्यक झाले. शूगेझ या छोट्या उपप्रकारात त्याला प्रतिस्पर्धी नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओहेडचे ‘पॅरनॉइड अँड्रॉइड’ (१९९७) येते. वेगवेगळे तुकडे जोडून केलेल्या या सव्वासहा मिनिटांच्या गाण्यात प्रोग्रेसिव्ह रॉकची लांबी आणि पंकचा त्रागा दोन्ही आहेत. गर्दीच्या, यंत्रांनी भरलेल्या जगाविषयीची घृणा मधल्या प्रार्थनेसारख्या भागात एकाएकी याचनेत बदलते. त्या भागातले कोरसचे सूर आणि शेवटी परतणारी कर्कश गिटार यांपैकी एक जरी काढले, तरी गाणे कोसळते. अल्टर्नेटिव्ह रॉक या ढिल्या नावाखाली जे काही येते, त्यात या गाण्याला अग्रस्थान द्यावे. तोच गट तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या तबकडीत संगणक आणि सिंथेसायझरकडे वळला आणि तिथे गिटार बऱ्याच गाण्यांतून मागे सरली.